फ्रिजच्या रबराची पद्मिनी

झिपरू अण्णांच्या मोटारीचं दार फ्रिजसारखं लागतं. ही उपमा नाही. त्या दाराला रबर फ्रिजचंच आहे. दार ओढलं की 'फुप्' होतं, बाहेरचं जग बंद होतं आणि आपण भाजीसारखे आत बसून राहतो.

गाडी जुनी, फिकट निळी पद्मिनी. अशा गाड्या लोक हौसेने झाकून ठेवतात. अण्णा तिच्यातून दळण आणतात, मयतीला जातात आणि कोपऱ्यावरची कोथिंबीरही तिच्यातूनच येते. अण्णा मूळचे खानदेशातले. सुरतच्या लिंबायतमध्ये पॉवरलूमवर मास्तर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. मास्तर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. काम सुटल्यावर त्यांनी तोच उद्योग या गाडीवर सुरू केला, फक्त ती बंद पडण्याची वाट पाहिली नाही.

किल्लीच्या जागी त्यांनी लूमची बटणं बसवली. हिरवं दाबलं की गाडी सुरू, लाल दाबलं की बंद. सीटांना साडीचं कापड आहे, मोरांचं. साड्यांच्या कारखान्यातली चिंधी सुरतेत पोत्यांनी मिळते, ती त्यांनी छतात, दारांत आणि पायाखाली ठासून भरली. त्यामुळे बाहेरून ती मोटार आहे आणि आतून गादी. मे महिन्यात मी तिच्यात बसलो आहे. त्याबद्दल मला कुणी विचारू नये.

"अण्णा, एवढं कोंबून मिळतं काय?" मी एकदा विचारलं.

"बरोबर शे," अण्णा म्हणाले.

अहिराणीत 'बरोबर आहे'. हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. आमच्या डिंडोलीतल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, पाण्याची मोटर नवी घ्या. बरोबर शे. दुसरा म्हणाला, अजिबात घेऊ नका. तेही बरोबर शे. दोन्ही पार्ट्या त्यांना आपला माणूस समजतात, म्हणून चेअरमन तेच. माझे सासरे गेल्याचं सांगितलं, तेव्हाही अण्णांनी प्रसन्न चेहऱ्याने "बरोबर शे" म्हटलं. माझी बायको वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

रस्त्यावर मात्र अण्णा हातांनी बोलतात. लूमच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, तिथे सगळा कारभार खुणांवर चालतो. चिमूट धरून तोडल्यासारखं केलं की धागा तुटला, थांब. हीच खूण अण्णा चौकात करतात. ट्रॅफिक पोलिसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण लिंबायतमधले निम्मे रिक्षावाले पूर्वीचे लूमवालेच. अण्णांनी खिडकीतून धागा तोडला की सगळ्या रिक्षा मुकाट थांबतात.

त्यांचा मुलगा योगेश कापड मार्केटमध्ये कामाला आहे. त्याला या गाडीची लाज वाटते. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओवाल्याला अशीच जुनी गाडी हवी होती. नवरा-नवरी बॉनेटवर बसवायला. योगेशने सौदा ठरवला.

"पप्पांनी तर हा पाडली, काका," तो खुशीत मला म्हणाला. 'हा पाडली' म्हणजे हो म्हटलं, हे सुरती मराठी. "हवे टेन्शन नथी, आता काही काळजी नाही. रविवारी पार्टी गाडी घेऊन जाईल."

मला नवल वाटलं, पण म्हटलं, बापलेकांच्या मध्ये कशाला पडा.

शनिवारी बारडोलीला एक लग्न होतं. अण्णा आणि त्यांची बायको सुमनकाकू निघाले होते, मी मागच्या सीटवर मोरांमध्ये बसलो. परतताना अण्णांनी उसाच्या कडेला सावलीत गाडी घेतली, लाल बटण दाबलं आणि चारी काचा चढवल्या. मला वाटलं, इंजिन तापलं.

मग सुमनकाकू बोलू लागल्या. हळू आवाजात, घरी पोळ्या लाटताना पुटपुटावं तसं. दुधवाला बदलला. नातवाचा दात पडला. शेजारणीने परत वाटी आणून दिली नाही. आणि अण्णा उत्तरं देत होते! कोणता दात, विचारत होते. वाटी स्टीलची होती की पितळेची, यावर त्यांनी चक्क वाद घातला. इतक्या वर्षांत मी या माणसाकडून दोन शब्दांच्या वर काही ऐकलं नव्हतं.

शेवटी काकू म्हणाल्या, "योगेश उद्या गाडी ईकी टाकस. तुम्ही हा म्हनात म्हने?"

"मी? कव्हय? माले कोनी इचारं?"

"जेवताना इचारं त्यानी. मिक्सर चालू व्हतं."

काकूंनी मागे वळून मला सांगितलं, की घरात त्यांना कुणाचंच ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं होतं, त्यात कुकरची शिट्टी तेवढी मोठी झाली. मग अण्णांनी ही गाडी शांत करायला घेतली, एकेक पोतं चिंधी भरून.

"गाडी गई," अण्णा म्हणाले, "मंग तुन्हं बोलनं माले कोठे ऐकू येई?"

मला भरून आलं. उकाड्याने असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. उकाड्याने नव्हतं.

रविवारी स्टुडिओवाला वेळेवर आला. योगेश खाली उतरला. अण्णा गाडीशी उभे होते. त्यांनी पुढचं डावं दार उघडलं, योगेशला दंड धरून आत बसवलं, स्वतः पलीकडून बसले आणि काचा चढवल्या.

"आते बोल," एवढं काच वर जाताना ऐकू आलं.

योगेश आधी घड्याळ दाखवत होता, बाहेर बोट करत होता. त्याचं तोंड मोठमोठ्याने हलत होतं. बापाशी ओरडूनच बोलायचं, ही घरातली सवय. अण्णांनी तळहाताने 'हळू' अशी खूण केली. पोरगा थांबला. मग त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी ओठ जेमतेम हलले. अण्णांनी लगेच काहीतरी उत्तर दिलं. योगेश त्यांच्याकडे बघतच राहिला.

त्यानंतर तो बराच वेळ बोलत होता. मध्ये त्याने डोळे पुसले आणि बोलणं चालूच ठेवलं.

स्टुडिओवाला उन्हात ताटकळत होता. "अंकल, किती वेळ?" त्याने मला विचारलं.

मी त्याला कोपऱ्यावर नेलं, चहा पाजला आणि दुसरी गाडी बघायला सांगितलं.