पिंजऱ्यात मुक्काम

सुखदेवराव नारनवरे आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बसत नाहीत. ते चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि लिफ्ट व्यवस्थित चालते. तरीही बसत नाहीत. कारण विचारलं तर तेच उलट विचारतात, "चालवून कोन राहिलं?"

"कोणी नाही, काकाजी. बटण दाबलं की आपोआप जाते."

"मंग माणसं काहून बसवता तिच्यात?"

नागपूरच्या बेसा रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या सचिवांनी हा प्रश्न सभेवर ढकलला. सर्वसाधारण सभेत सुखदेवरावांनी लिफ्टला माणूस नेमण्याची सूचना मांडली होती. तिला एकच मत पडलं. कौसल्याकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हात वर केला नाही.

काकू लिफ्टनेच जातात. संध्याकाळी दोघं भाजी घेऊन सोबत परततात आणि तळमजल्यावर वेगळे होतात. सुखदेवराव जिन्याकडे वळतात, काकू बटण दाबतात. चौथ्या मजल्यावर काकू दार उघडून, पंखा लावून बसतात आणि नवरा धापा टाकत आत आला की म्हणतात, "आले का इंजिनवाले?"

इंजिनवाले हे टोपणनाव खाणीतलं आहे. पारशिवनीच्या पलीकडे डोंगराच्या कडेला मँगनीजची एक खाण होती. सुखदेवरावांनी सगळी नोकरी तिथं, खाणीच्या तोंडावरच्या इंजिनघरात काढली. इंजिनाला जाड दोर, दोराला लोखंडी पिंजरा. तो पिंजरा खाली सोडायचा आणि वर ओढायचा. आतल्या माणसाला इंजिनवाला दिसत नाही आणि इंजिनवाल्याला माणूस दिसत नाही. मधे फक्त घंटा. तीन टोले पडले की पिंजऱ्यात दगड नाही, माणसं आहेत, जपून. सुखदेवरावांची सगळी जीवनदृष्टी या तीन टोल्यांवर उभी आहे. रिक्षावाल्यानं खड्ड्यातून गाडी घातली की ते मागून ओरडतात, "माणसं हाये, हळू!" केशकर्तनालयात मान खाली दाबली गेली की तेच. सत्कार समारंभात वक्ता लांबला तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं होतं, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या होत्या.

खाण बंद झाली. कामगारांची वसाहत रिकामी झाली. वरच्या इमारती पाडायच्या की ठेवायच्या हा विषय गावाच्या ग्रामसभेत निघाला तेव्हा सुखदेवराव बेसाहून एसटीनं तिथं पोचले आणि उभे राहून म्हणाले की डोंगरात फिरायला पोरंपोरी येतात, पाठीवर हे एवढं ओझं घेऊन येतात, त्यांना रात्री टेकायला जागा द्या. कोण बघणार, असं सरपंचांनी विचारलं. सुखदेवराव म्हणाले, "मी हावो ना."

आज तिथं चार मुक्कामाच्या जागा आहेत. एक दिवाखोली, जिथं कामगार खाली जाण्यापूर्वी दिवे घेत. एक इंजिनघर. एक बारूदखाना, म्हणजे सुरुंगाची दारू ठेवायची जाड भिंतींची कोठी. इथं मोबाईलला रेंज येत नाही, त्यामुळे नवविवाहितांत तिला मागणी असते. आणि चौथी जागा खुद्द पिंजरा. तो आता चार दगडी चौथऱ्यांवर जमिनीवर ठेवला आहे. आत दोन फळ्यांचे बिछाने आणि मच्छरदाणी. पर्यटक फोटो काढतात तो याचाच.

पिंजऱ्यात झोपण्याचा नियम आहे. आत जाऊन घंटेचे तीन टोले द्यायचे. मग सुखदेवराव इंजिनघरातून बाहेर येतात, पिंजऱ्याची कडी स्वतः लावून पाहतात आणि म्हणतात, "हं, आता झोपा." सकाळी त्यांनी कडी काढल्याशिवाय उतरायचं नाही. पुण्याच्या एका संगणक अभियंता मुलीनं त्यांना विचारलं, "काका, पण हा तर हलतच नाही."

"म्हणूनच तर आजपर्यंत एकही अपघात नाही," सुखदेवराव म्हणाले.

हिवाळाभर ते शुक्रवारी सकाळी जातात आणि सोमवारी दुपारी येतात. त्यांच्या या उद्योगाबद्दल मी माझ्या वर्तमानपत्रासाठी एक बातमी करायचं ठरवलं आणि गेल्या डिसेंबरात तिथं जाऊन आलो. जागा वर्णन केल्याप्रमाणेच होती. पण काही गोष्टींचा मेळ लागत नव्हता.

डोंगर चढून येणाऱ्या पंचविशीतल्या लोकांसाठी दिवाखोलीच्या दोन पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा होता. शौचालयात कमोड होता आणि शेजारी धरायला दांडा. स्वयंपाकाचा ओटा इतका बुटका की नागपूरचा एक उंच मुलगा त्याच्यासमोर गुडघे टेकून पोहे करत होता. झाडाखाली बंगई, म्हणजे झोपाळा, टांगली होती, तिची फळी नेहमीपेक्षा वीतभर खाली आणलेली. आणि बारूदखान्याच्या छतावर टीव्हीची छत्री.

"काकाजी, ही मंडळी टीव्हीपासून पळून इथं येतात," मी म्हणालो.

"लागते कोनाकोनाले," सुखदेवराव म्हणाले.

"कोणाला?"

त्यांनी बंगईची साखळी तपासली. ती ठीक होती. त्यांनी पुन्हा तपासली.

"मालिका असते ना भाऊ साडेसातची. एक दिवस चुकली तरी करमत नाही लोकायले."

साडेसातच्या मालिकेशिवाय न करमणारी एक व्यक्ती मला माहीत होती. तिचे गुडघे दुखतात, उंची पाच फुटांच्या आत आहे आणि वसाहत सोडल्यापासून ती एकदाही इथं आलेली नाही, हेही माहीत होतं. सुखदेवराव दर शुक्रवारी विचारतात, "येतं का वं?" आणि काकू दर शुक्रवारी एक कारण देतात. पायऱ्या आहेत, म्हणाल्या. त्यांनी कठडा बसवला. खाली बसून स्वयंपाक होत नाही, म्हणाल्या. त्यांनी ओटा बांधला. मालिका बुडते, म्हणाल्या, छत्री आली. गिर्यारोहकांच्या सोयीची म्हणून जी जागा प्रसिद्ध झाली होती ती एकाच बाईच्या मापानं बांधली जात होती, आणि ती बाई बेसा रोडवर चौथ्या मजल्यावर पंखा लावून बसली होती.

मी विचारलं तेव्हा सुखदेवरावांनी ते नाकारलं नाही. उलट दुसरी बातमी दिली. पुढच्या हिवाळ्यापासून ग्रामपंचायत ही जागा ठेकेदाराला देणार होती. पिंजऱ्याला रंग, बारूदखान्याला एसी, समोर कारंजं.

"हा आपला शेवटचा सीझन. पन तिले सांगू नका."

"का? सांगितलं तर येतील."

"येईन ना ती. कीव करून येईन. मले तशी नाही पाहिजे."

बातमीसाठी हा तपशील महत्त्वाचा होता. मी तो छापला नाही.

पुढचं जे घडलं ते लिफ्टमध्ये घडलं, त्यामुळे सुखदेवरावांना ते प्रत्यक्ष पाहता आलं नाही. दुसऱ्या मजल्यावर मधुरा नावाची बँकेत काम करणारी मुलगी राहते. ती तिथं एक रात्र राहून आली होती. लिफ्टमध्ये काकू आणि मी होतो. मधुरा म्हणाली, "काकू, काय मस्त जागा आहे! फक्त त्या चादरी..."

"काय झालं चादरीले?"

"काही नाही. म्हणजे, जरा पिवळ्या आहेत. आणि काका त्यांना नीळ जास्त घालतात बहुतेक. एकीवर ढग आलेत."

दुसरा मजला आला, मधुरा उतरली. तिसरा मजला गेला. मग काकू म्हणाल्या, "साऱ्या दुनियेले वाटत असन का याच्या घरी बाई नाही म्हणून."

काकूंच्या गॅलरीतले कपडे पाहिलेल्या कोणालाही हा घाव समजेल. आमच्या इमारतीत नव्या सुना कपडे कसे वाळत घालावेत हे तिथं बघून शिकतात. शनिवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात साबणाची पिशवी आणि ब्रश. "तुमची गाडी रिकामी हाये का भाऊ? चादरी पाहतो अन् दिवसा-उजेडी परत येतो. मले मुक्काम गिक्काम नाही करायचा."

आम्ही पोचलो तेव्हा मुक्कामाची पोरं डोंगरावर गेली होती. सुखदेवराव झाडून घेत होते. बायकोला गाडीतून उतरताना पाहून त्यांनी झाडू आधी डाव्या हातात घेतला, मग उजव्या, मग पाठीमागे लपवला.

"आली का?" ते म्हणाले.

"चादरी कुठी हायेत जी?"

काकू कठडा न धरता पायऱ्या चढल्या. ओट्याकडे, कमोडकडे, छत्रीकडे पाहिलं नाही. सगळ्या चादरी ओढून काढल्या आणि बाहेरच्या टाक्यावर धुवायला बसल्या. सुखदेवराव पाणी आणून देत होते आणि बोलणी खात होते. "ही चादर हाये का नकाशा हाये? किती नीळ टाकली होती? डब्बा पालथा केला का?" एरवी साऱ्या नागपूरला हळू चालवणारा माणूस बादल्या घेऊन पळत होता.

धुणं पिळून झालं तेव्हा सुखदेवराव पिळे घेऊन दिवाखोलीत निघाले.

"आत कुठी नेऊन राहिले?"

"आतच तर वाळवत होती ना तू."

काकू थांबल्या. मग माझ्याकडे वळून, नवऱ्याबद्दल तक्रार करावी तशा सुरात त्यांनी सांगितलं की या जागी राहून त्यांनी कधी बाहेर कपडा वाळत घातला नाही. खाण चालू असताना दगड फोडायच्या यंत्राची काळी भुकटी उडायची. दुपारपर्यंत पांढरं ते राखाडी व्हायचं. पोराचे लंगोटसुद्धा चुलीजवळ वाळवले. "म्हणून सांगतो भाऊ, मले नाही आवडत हे गाव. पायरीचं काही नव्हतं. पायऱ्या मी चढतो."

सुखदेवराव ओला पिळा हातात धरून उभे होते. पाणी त्यांच्या चपलेवर गळत होतं. इतकी वर्षं सोबत राहून हे कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि यावर बांधण्यासारखं काही नव्हतं.

काकूंनी खोचलेला पदर काढला आणि दोन झाडांमधली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत नेली. पदर उलटा करून पाहिला. बोट फिरवून पाहिलं. पदर स्वच्छ होता.

त्यांनी एकेक चादर झटकून तारेवर टाकली, कोपऱ्याला कोपरा लावून. मागे खाणीतून काढलेल्या दगडांचे काळे ढीग, पुढे पांढऱ्या चादरी. मग त्या बंगईवर जाऊन बसल्या. पाय जमिनीला टेकत होते. तिथून त्या तारेकडे बघत राहिल्या. सुखदेवरावांनी चहा केला. त्यात साखर जास्त होती, पण तो विषय कोणी काढला नाही.

आमच्याकडचं ऊन हिवाळ्यातही कामाचं असतं. चार वाजता परत निघायचं म्हणून मी उठलो आणि एका चादरीचं टोक हातात घेऊन पाहिलं. ती कोरडी ठणठणीत होती.

"काकू, वाळल्या. निघू या?"

"ओल्या हायेत," काकू बंगईवरूनच म्हणाल्या.

सुखदेवराव लगबगीनं तारेपाशी गेले. त्यांनी चादरीला हात लावला, चुरगाळली, गालाला लावून पाहिली.

"ओल्याच हायेत भाऊ," ते म्हणाले. "उद्यापर्यंत काही वाळत नाही."

मी आणखी एकदा हात लावून पाहिला. ओल्या आहेत, असं म्हणालो आणि गाडी काढली.