सहा खोगिरांची घोडी

माघातलं ते ऊन घाईत नव्हतं. आधी ते न्हाणीतल्या तांब्याच्या घंगाळावर येऊन बसलं, तिथून भिंतीवर चढलं, खुंटीवरच्या इस्त्रीच्या शर्टाला थोडं सरकारी गांभीर्य देऊन पुढे सरकलं आणि शेवटी खाटेला टेकवलेल्या विजेच्या गिटारीच्या सहा तारांवर थांबलं. जिनिंग कारखान्याकडून उडत आलेला कापसाचा एक तंतू त्या उन्हात तरंगत होता. भाव पडल्यापासून दारव्ह्यातल्या कापसाचं वर जाणं एवढंच काय ते उरलं होतं. चारुदत्तला वाटलं, या प्रकाशाला साजेसा एक स्वर छेडावा. त्याने छेडला.

झर्रर्र.

“डब्यात भुंगा शिरला काय गं?” देवघरातून वडिलांनी, श्रीकृष्णरावांनी, विचारलं.

“चारूचं गाणं हाय ते,” कुंदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “बोट नीट दाब ना बाप्पा. बेल दाबतो तसं.”

“आई, हा बोटाचा प्रश्नच नाही. यंत्राचा हाय.”

श्रीकृष्णराव मनोबल समितीचे सचिव होते. कापूसवाल्यांचं मनोबल उंचावण्यासाठी समितीने आधी हास्ययोग घेतला, मग रिकाम्या पोत्यांची शर्यत घेतली. आज संध्याकाळी वरून येणाऱ्या साहेबांसमोर चारुदत्तचं संगीत होतं. भावाचा विषय तेवढा कोणत्याच कार्यक्रमपत्रिकेत बसत नव्हता.

“एक गाणं बिनझणझणीचं वाजव,” श्रीकृष्णराव बाहेर येत म्हणाले. “मी टायपिंगच्या क्लासचं नाव काढनार नाही. नाही जमलं, तर गिटार माळ्यावर अन् तू सोमवारपासून क्लासात.”

चारुदत्त गिटार घेऊन तडक जहीरच्या स्कूटर गॅरेजात गेला. बारीक स्क्रूची किल्ली तिथेच मिळण्यासारखी होती.

“घोडी खाली बसली, जहीर.”

जहीरने रस्त्याकडे पाहिलं. “कोनाची?”

“हिची. तारा जिच्यावर टेकतात तिले घोडी म्हंतात. अन् तारेतारेखालचा हा तुकडा म्हंजे सॅडल. खोगीर. ते वर केलं का तार वर, अन् झणझण बंद.”

“एका घोडीवर सहा खोगीर? कमिटीच हाय की यार ही.”

जहीर किल्ली फिरवत गेला, चारुदत्त “अजून वर” म्हणत गेला. तारांखालून उंदीर ताठ मानेने जाईल इतकी जागा झाली. झणझण होती तिथेच होती. तेवढ्यात गॅरेजातला फोन वाजला. कार्यक्रमाचा भोंगा जहीरचाच होता, म्हणून समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव तयारीची चौकशी करत होते.

“सगळं तयार हाय, भाऊ,” जहीर म्हणाला. “घोडीचं खोगीर तेवढं उंच करून राह्यलो.”

पुंडलिकरावांनी पलीकडून विचारलं, “घोडी कायले?”

“तिच्याबिगर कार्यक्रम कसा होईन?”

पुंडलिकरावांनी समित्यांवर हयात घालवली होती. जे कळत नाही ते वरून आलेलं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तरी त्यांनी सचिवांना विचारलं, “ते घोडीचं तुमाले माहीत हाय ना?” आपल्याला माहीत नाही, असं म्हणणारा सचिव अजून जन्माला यायचा होता. “हो तर,” श्रीकृष्णराव म्हणाले, आणि घोडीसाठी हिरासिंगकडे निरोप गेला.

हिरासिंगची घोडी वरातीची. कापसाने दगा दिल्यापासून वराती पायीच निघत होत्या, त्यामुळे घोडी रिकामी होती. संध्याकाळी ती भरजरी झूल पांघरून बाजार समितीच्या आवारात उभी राहिली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“वरूनच आलं, साहेब,” पुंडलिकराव अदबीने म्हणाले.

वरून आलेलं आपल्याला कळलं नाही, हे साहेबांनाही म्हणता येईना. छायाचित्रकार समोर होता. ते चढले.

नेमकं तेव्हाच मंचावर चारुदत्तने डोळे मिटून पहिली तार छेडली. मोठ्या भोंग्यातून झर्रर्र असा आवाज साऱ्या आवारावर पसरला. घोडीला वाटलं, बँड सुरू झाला. ती नाचू लागली. साहेबांनी तिच्या मानेला मिठी मारली.

“भाव नाही उचलला, पन साहेब उचलले ना गा घोडीनं,” बोरी अरब गावचा एक कापूसवाला मागून म्हणाला, आणि पोत्यांच्या शर्यतीत न हसलेलं अख्खं आवार हसलं. मनोबल उंचावल्याची नोंद पुंडलिकरावांनी तिथल्या तिथे घेतली.

चारुदत्त तारेशी झगडतच राहिला आणि घोडी नाचतच राहिली. अखेर हिरासिंगने साहेबांना उतरवून घेतलं. टोपी सारखी करत ते मंचावर आले. छायाचित्र तेवढं प्रतिष्ठेचं हवं होतं. “द्या इकडे ते,” म्हणत त्यांनी गिटार गळ्यात घातली, अंगठी रुतलेलं एक जाड बोट बेल दाबावी तसं तारेवर दाबलं आणि दुसऱ्या हाताने तार ओढली.

स्वर निघाला. गोल, स्वच्छ, सकाळच्या घंगाळावरच्या उन्हासारखा. आवार स्तब्ध झालं. घोडीसुद्धा.

कुंदाताईंनी बायकांच्या रांगेतून मुलाकडे पाहिलं आणि लगेच नजर पदराच्या काठावर नेली.

“योगायोग हाय,” चारुदत्त पुटपुटला. त्याने गिटार परत घेतली, तीच तार, त्याच जागी बोट हलकेच टेकवून, छेडली.

झर्रर्र. घोडीने पुन्हा पाऊल उचललं.

“सोमवारी क्लास हाय,” श्रीकृष्णराव हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

घोडीत दोष नव्हता, सहाही खोगिरांत नव्हता. चारुदत्तला गिटार वाजवता येत नव्हती.