मुरलीधररावांचा परदेशी सत्कार

त्या शनिवारी फिरायला निघताना मुरलीधरराव जगदाळ्यांनी छत्री दारामागेच ठेवली आणि फ्लिपचार्ट काखेत मारला. एवढाच काय तो निर्णय. आयर्लंडमधल्या स्लायगोत छत्रीशिवाय बाहेर पडणं हा तसाही वेडेपणाच (इथे पाऊस वर्षाचे तीनशे दिवस हजेरी लावतो, मुरलीधररावांच्या ऑफिसात तेवढी हजेरी कुणाचीच नव्हती). पण दोन्ही न्यायला हात पुरत नव्हते, कारण दुसऱ्या हातात मार्कर पेनांचा डबा होता.

मुरलीधरराव चौतीस वर्षं कृषी विस्तार अधिकारी होते. काम काय, तर शास्त्रज्ञाला जे कळलंय ते शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. प्रत्यक्षात झालं असं, की शेतकऱ्याला जे आधीपासून ठाऊक होतं तेच मुरलीधररावांनी त्याला कळणार नाही अशा भाषेत सांगितलं. निवृत्त होताना त्यांनी ‘कृषिसंवादाची पंचसूत्री’ नावाचं पुस्तकही छापून घेतलं. सांगणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा आणि प्रतिसाद, ही ती पाच सूत्रं. ‘सांगणारा’ या सूत्राला एकशे दहा पानं आहेत. ‘प्रतिसाद’ अडीच ओळींत उरकलाय. बहुधा कागद संपला.

मुलीला, निहारिकाला, त्यांनी हट्टानं कृषी महाविद्यालयात घातलं होतं. दुसऱ्या वर्षी तिथे बाबांचं अतिथी व्याख्यान झालं आणि त्याच आठवड्यात तिनं कॉलेज सोडलं. (या दोन घटनांचा संबंध नाही, असं मुरलीधरराव अजूनही न विचारता सांगतात.) मग ती मायक्रोबायोलॉजी शिकली, आयर्लंडला आली आणि आता स्लायगोजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी करत होती. घर गावाबाहेर, गायींच्या कुरणांना लागून. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांतले आठ दिवस झाले होते. निहारिका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हल्ली जरा जास्तच बघत असे.

आता खरी अडचण. निवृत्त अधिकाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, एकशे बारा सदस्यांचा. सकाळी फुलं, दुपारी मधुमेहावरचे उपाय, संध्याकाळी हल्लीच्या पिढीला काही कळत नाही याबद्दल चिंता. पेन्शन सुरू झाली की या माणसांकडे सांगण्यासारखं काही उरत नाही आणि सांगायला वेळ मात्र मुबलक. या ग्रुपचा वार्षिक मेळावा उद्या रविवारी पुण्यात होता. प्रमुख वक्ता एकच, वेळ वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी मुरलीधरराव सहा वर्षं झुरत होते आणि सहाही वर्षं ती ग्रुपचे ॲडमिन बाळासाहेब खाऊन टाकत. यंदा मुरलीधररावांनी डब्लिनच्या विमानतळावरूनच मेसेज टाकला होता : ‘येथील शेतकरी माझ्या मार्गदर्शनाची आतुरतेने वाट पाहत आहेत. ऑनलाइन अनुभवकथन करण्यास तयार.’

बाळासाहेबांचं उत्तर चार शब्दांचं होतं : ‘शनिवारपर्यंत फोटो टाका. बघू.’

आणि आज शनिवार उजाडला होता. आठ दिवसांत मुरलीधररावांच्या मार्गदर्शनाचा लाभ फक्त एका गायीनं घेतला होता. कुंपणापलीकडून तिनं वीस मिनिटं हलायचं नाव घेतलं नव्हतं. इतका एकाग्र श्रोता त्यांना उभ्या नोकरीत लाभला नव्हता, पण गायीचा फोटो बाळासाहेबांनी पुरावा म्हणून मानला नसता.

सकाळी नाश्त्याला निहारिका म्हणाली, ‘‘बाबा, ते पलीकडच्या फार्मवरचे मिक...’’

‘‘एक मिनिट,’’ मुरलीधररावांनी हात वर केला. ते भाषणाचा मुद्दा क्रमांक नऊ लिहीत होते : ऐकण्याचे महत्त्व.

‘‘...ते परवा गेले. आज त्यांच्या घरी सगळे भेटायला जाणार आहेत. आपणही चारला जाऊ. काळे कपडे घाला.’’

‘‘हो हो,’’ मुरलीधरराव म्हणाले.

‘‘काय हो हो? काय म्हणाली ती, सांगा बघू,’’ सुहासिनीबाई म्हणाल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना हा ‘हो हो’ चांगला ओळखता येत होता.

‘‘चारला जायचंय.’’

‘‘कुठं?’’

‘‘अगं, जिथं जायचंय तिथं!’’

दुपारी अडीचला मुरलीधरराव फ्लिपचार्ट घेऊन शेतकरी शोधायला बाहेर पडले. दोन वळणं घेतली आणि थबकले. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारींची ही रांग. ट्रॅक्टर होते, चिखलानं माखलेल्या जीपा होत्या. पिवळ्याधमक जाकिटातला एक तरुण हातवारे करून गाड्या लावून घेत होता. आणि एका फार्महाउसच्या उघड्या दारापासून थेट फाटकापर्यंत माणसं शिस्तीत उभी होती. रुंद खांद्यांची, लाल मानांची, भेगाळलेल्या हातांची. मुरलीधररावांना शेतकरी ओळखायला शिकवावं लागत नाही. निदान लांबून तरी.

‘जेथे शेतकरी आधीच जमला आहे तेथे जावे.’ पंचसूत्री, पान त्रेचाळीस. मुरलीधरराव रांगेत उभे राहिले.

पिवळ्या जाकिटातला तरुण, डेक्लन त्याचं नाव, जवळ आला. काखेतल्या गुंडाळीकडे बघत म्हणाला, ‘‘लांबून आलात?’’

‘‘फ्रॉम इंडिया,’’ मुरलीधरराव म्हणाले.

डेक्लन हेलावला. ‘‘मिकसाठी? भारतातून?’’ त्यानं पुढच्या माणसाला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. रांग बाजूला सरली आणि मुरलीधरराव थेट दारात पोचले. (पाहुण्याला पुढे घ्यायची ही पद्धत त्यांना बेहद्द आवडली. पुण्यात हे शिकलं पाहिजे, असं त्यांनी मनात टिपून ठेवलं.)

दारात काळ्या कपड्यांतल्या एक वयस्क बाई, मिकच्या पत्नी ब्रीडा, सगळ्यांशी हात मिळवत होत्या. मुरलीधररावांनी मार्करचा डबाही काखेत मारला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरात हलवला. ‘‘व्हेरी हॅपी! एवढी गर्दी! तुम्हाला केवढा आनंद होत असेल!’’

 दोन दिवसांत ब्रीडांना साडेतीनशे माणसांनी ‘वाईट वाटलं’ हे एकच वाक्य ऐकवलं होतं. हे वेगळं होतं. ‘‘मिकला झाला असता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याला माणसं लागायची.’’

म्हणजे मिक हे आयोजक. ‘‘कुठे आहेत ते?’’

‘‘आत, पुढच्या खोलीत.’’

‘‘माझं भाषण झालं की भेटतो त्यांना.’’

‘‘सावकाश,’’ ब्रीडा म्हणाल्या. ‘‘त्याला काही घाई नाही.’’

स्वयंपाकघरात तीन बायकांनी तीन बाजूंनी चहा पुढे केला. अंड्याची सँडविचेस, फ्रूटकेक, पुन्हा चहा. मुरलीधररावांनी नकार दिला की कप भरायचा, होकार दिला तरी भरायचा. अल्पोपाहाराची अशी व्यवस्था त्यांनी चौतीस वर्षं बिलांवर पाहिली होती, प्रत्यक्षात आज पहिल्यांदाच पाहत होते.

मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली पंचवीस-तीस पुरुष हातात कप धरून उभे होते. विषय दुधाचा भाव, गुरांसाठी मुरवलेला चारा आणि मिकचा एक बैल. मुरलीधररावांनी दोन बादल्या पालथ्या घातल्या, त्यांवर फ्लिपचार्ट टेकवला आणि घसा साफ केला. शेड गप्प झाली.

‘‘मित्रहो! शेतकरी म्हणजे कोण? शेतकरी म्हणजे ऐकणारा!’’

‘‘ऐकायचा हो मिक,’’ कुणीतरी पुटपुटलं. ‘‘सगळ्यांचं ऐकायचा.’’

पुढची वीस मिनिटं मुरलीधररावांच्या आयुष्यातली सर्वोत्तम. कुणी तंबाखू मळली नाही. कुणी एसटी चुकेल म्हणून उठलं नाही. त्यांनी पाच सूत्रं इंग्रजीत लिहिली आणि म्हणाले, ‘‘माझ्यामागून म्हणा. सांगणारा!’’

‘‘सांगणारा,’’ सगळी शेड माना खाली घालून एका सुरात म्हणाली. (तासाभरापूर्वीच याच मंडळींनी ब्रीडाबरोबर जपमाळ ओढली होती. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची, याची सवय होतीच.)

‘‘निरोप!’’

‘‘निरोप.’’

‘‘प्रतिसाद’’पर्यंत पोचेतो मुरलीधररावांनी रुमाल काढला होता. ते पाहून एका आडदांड माणसानं डोळे पुसले. दुसऱ्यानं पाठीवर थाप मारली. ‘‘फेअर प्ले टू यू,’’ तो म्हणाला, म्हणजे इकडचं ‘शाब्बास’.

आता फोटो. पुढच्या दारापाशी उजेड बरा म्हणून मुरलीधरराव सगळ्यांना घेऊन तिकडे निघाले. तेवढ्यात फाटकात फुलवाल्याची गाडी थांबली. एक मुलगी लगबगीनं आली. दारात सर्वांत पुढे हेच उभे. ‘‘तुम्ही घरचेच ना?’’ तिनं विचारलं.

‘‘शेतकरी म्हणजे माझं घरच,’’ मुरलीधरराव म्हणाले.

तिनं त्यांच्या हातात श्रद्धांजलीचं फुलांचं गोल, भरगच्च कडं ठेवलं आणि ती गेली.

ज्या माणसानं चौतीस वर्षं शाल, श्रीफळ आणि हार या तीन गोष्टींची वाट पाहण्यात काढली, त्याच्या हातात फुलं आली की त्याचं डोकं चालत नाही, मान चालते. मुरलीधररावांनी मान वाकवली आणि कडं गळ्यात घालून घेतलं. कानांपाशी ते अडलं. त्यांनी रेटलं.

अंगणातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग डेक्लन हळूच शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘त्यांच्यात असंच करत असतील.’’ शेजाऱ्यानं मान डोलवली आणि आदरानं टोपी काढली. त्याचं पाहून सगळ्यांनी काढल्या. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

‘‘फोटो, प्लीज,’’ मुरलीधररावांनी डेक्लनच्या हातात फोन दिला. मागच्या खिडकीत दोन मेणबत्त्या जळत होत्या. लोड शेडिंग इथेही आहे वाटतं, असं त्यांच्या मनात आलं. फोटो झकास आला. त्याखाली त्यांनी सकाळीच तयार ठेवलेला तीनशे चाळीस शब्दांचा मजकूर चिकटवला आणि ग्रुपवर पाठवून फोन खिशात टाकला. जिंकलो!

‘‘या,’’ ब्रीडा त्यांचा हात धरून म्हणाल्या, ‘‘आता मिकला भेटा.’’

मिक पुढच्या खोलीत होते. निळ्या सुटात, हातात जपमाळ, डोळे मिटलेले. पेटीत.

 सकाळचं वाक्य आत्ता, साडेसहा तास उशिरा, मुरलीधररावांच्या कानातून आत शिरलं. भिंतीलगत खुर्च्यांवर बसलेली वीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. काहीतरी बोलायलाच हवं होतं. नमस्कारासाठी वाकले तर कडं गळ्यातून सुटलं आणि अलगद मिकच्या छातीवर जाऊन बसलं. मुरलीधरराव ताठ झाले, हात मागे बांधले आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं :

‘‘एनी क्वेश्चन्स?’’

नेमक्या याच क्षणी काळे कपडे घालून सुहासिनीबाई आणि निहारिका दारात उभ्या राहिल्या.

सगळ्यांत आधी ब्रीडा हसल्या. आधी खांदे हलले, मग त्या खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग खोली हसली, मग स्वयंपाकघर. ‘‘मिक असता तर लोळला असता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जाऊ नका. चहा घ्या.’’

 परतीच्या रस्त्यावर निहारिका म्हणाली, ‘‘बाबा, मी सकाळी सांगितलं होतं.’’

‘‘माध्यमात अडथळा होता,’’ मुरलीधरराव म्हणाले.

‘‘अडथळा कसला? कानावर हात ठेवून जन्म गेला तुमचा,’’ सुहासिनीबाई म्हणाल्या. ‘‘आणि तो फोन बघा. मघापासून खिशात गुरगुरतोय.’’

ग्रुपवर एकशे सहा मेसेज होते. तीनशे चाळीस शब्द अर्थातच कुणी वाचले नव्हते. फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला होता : मध्यभागी गळ्यात फुलं घातलेले मुरलीधरराव, मागे मेणबत्त्या, भोवती काळ्या कपड्यांतली माणसं माना खाली घालून. चौथ्या मिनिटाला बाळासाहेबांनी लिहिलं होतं : ‘अत्यंत दुःखद. आपले सहकारी मुरलीधर जगदाळे यांचे आयर्लंड येथे निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, पण तो सगळ्यालाच देतो.

मुरलीधररावांनी टाइप केलं : ‘मी जिवंत आहे.’

तत्काळ उत्तर आलं : ‘वहिनी, आमच्या मनात ते कायम जिवंतच राहतील. धीर धरा.’

‘‘फोन लावा त्या मेल्याला!’’ सुहासिनीबाई कडाडल्या.

बाळासाहेबांनी नवव्या रिंगला फोन उचलला. ‘‘कोण? मुरली? अरे, तू... आहेस?’’

‘‘आहे! उद्याचं माझं भाषण...’’

‘‘बरं झालं आहेस ते. पण आता घोळ झाला ना रे. फ्लेक्स छापून आलाय. भाषण मी करतोय. मात्र तुझ्यासाठी सुरुवातीला दोन मिनिटं स्तब्धता ठेवलीय. अख्खं सभागृह उभं राहणार. आता रद्द केलं तर लोकांचा विरस होईल.’’

मुरलीधरराव रस्त्यात थांबले. पाऊस सुरू झाला होता आणि छत्री दारामागे होती. कुंपणापलीकडून ती गाय त्यांच्याकडे एकटक बघत होती.

‘‘अहो, थांबलात काय? खडसावा ना त्याला!’’ सुहासिनीबाई म्हणाल्या.

मुरलीधररावांनी घसा साफ केला.

‘‘दोनच मिनिटं? बाळासाहेब, माझा स्लॉट वीस मिनिटांचा होता.’’