मानाचा पहिला आरोपी

समाज टिकतो तो क्रमावर, असं आमचे शेजारी पुरुषोत्तमबाब मानतात. चतुर्थीला त्यांच्याकडे आरती झाली की प्रसादसुद्धा घराण्यांच्या मानाप्रमाणे वाटला जातो. आमचं घर शेवटचं, त्यामुळे माझ्या हातावर खोबरं क्वचितच पडलं. मामलेदार कचेरीत याद्या करता करता निवृत्त झालेला हा माणूस. कुणी भांडण घेऊन आलं तरी यांचं एकच: "क्रमान जावया."

दंगलखोरांची शिक्षा वाढवणाऱ्या विधेयकाचा मसुदा सरकारने काढला आणि जनतेकडून सूचना मागवल्या. जनतेने मनावर घेतलं नाही. पुरुषोत्तमबाबांनी अकरा पानं पाठवली. आरोपींच्या यादीत पहिलं नाव ज्याचं, त्याला दुप्पट शिक्षा द्यावी, ही मुख्य सूचना. कारण म्होरक्या तोच असतो. पोच आली नाही. पेडण्याच्या बाजारात मात्र ती सूचना कायदा झाल्यासारखीच ते समजावून सांगत.

मग जत्रेत पालखीचा पुढचा खांदा कुणाचा, यावरून बाबांचं घराणं आणि दुसऱ्या मानाचं घराणं भिडलं. समया उडाल्या, तिघांची डोकी फुटली, पालखीची दांडी मोडली. बाब देवळाच्या पायरीवर उभे राहून सगळ्यांना क्रमाने यायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी फौजदाराने हजर असलेल्यांची नावं त्यांच्याकडेच मागितली. बाब कागद घेऊन बसले. आमच्या गावात कुठलीही यादी पहिल्या मानाच्या घरापासून सुरू होते, आणि ते घर बाबांचं. विरोधी घराण्याचं नाव वर लिहायला त्यांचा हात धजला नाही. फौजदाराने यादी होती तशी आरोपींची म्हणून उतरवून घेतली. बाब आरोपी क्रमांक एक. मी बत्तिसावा, शेवटचा.

विधेयक पास झालं तर वाढीव शिक्षा आपल्याला लागू होईल का, असं त्यांनी वकिलाला विचारलं. जुन्या गुन्ह्याला जुनीच शिक्षा, असं तो म्हणाला. बाबांचा चेहरा किंचित पडला.

दांडी कुणी मोडली ते साऱ्या गावाने पाहिलं होतं. बाबांचा धाकटा भाऊ विष्णू. पंगतीतल्या जागेवरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. यादीत त्याचं नाव नव्हतं. एकदा मी विचारलंच. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

"धाकट्याक मान ना. यादीत खंय घालूं?"

यादीत इतर घरांतले सात धाकटे होते. पान उलटताना बाब आपणहून म्हणाले, "केस पडली की टॅक्सीचो बॅज वता."

विष्णूची टॅक्सी मोपा विमानतळावर चालते, आणि बॅज गेला की धंदा गेला. बाब तारखेला म्हापशाला बसने जातात. त्याच बसने बाकीचे एकतीस आरोपीही जातात, आणि नावं कुणी दिली ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांना कुणी उठून जागा देत नाही. मीही नाही.