बाबांचा नोंदणीकृत नंबर

बाबा गेल्यावर जी कामं करायची असतात त्यांची मी यादी केली, तेव्हा ती सत्तावीस कलमांची भरली. त्यातलं सर्वांत सोपं काम आधी उरकून टाकावं असं मी ठरवलं. बस, एवढंच. पुढच्या पाच महिन्यांत जे काही झालं ते या एका निर्णयामुळे झालं, आणि तो मी पूर्ण शुद्धीवर असताना घेतला होता.

मी एका कचेरीत जुन्या कागदपत्रांच्या विभागात कारकून आहे. फाइली बंद करून गठ्ठ्यात बांधणं हे माझं काम. ("बंद करण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही," असं साहेब एकदा म्हणाले होते. ते कौतुकच होतं, असं मी अजून धरून चालतो.) त्यामुळे ताई फोनवर रडत रडत "आता सगळं कोण बघणार रे?" म्हणाली, तेव्हा मी छाती काढून "मी आहे ना" म्हणालो. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत निघून गेली.

मला स्वतःला रडू आलं नव्हतं. हातात यादी असली की रडायला वेळ मिळत नाही. यादीचा तेवढाच खरा उपयोग झाला.

तर सर्वांत सोपं काम म्हणजे बाबांचा मोबाइल नंबर बंद करणं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नक्की बंद करायचा? घरातल्या कुणाच्या नावावर करून देऊ का?"

"नक्की बंद."

"महिनाभर थांबलात तरी चालेल."

"मी पेंडिंग ठेवत नाही," मी म्हणालो आणि तीन ठिकाणी सह्या ठोकल्या. कचेरीचा कॉम्प्युटर परत करताना पुसतात तसा बाबांचा हँडसेटही पुसून कोरा केला. यादीवर पहिली खूण केली. त्या दिवशी मला जेवण जरा बरं गेलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो.

"सर, खातेदारांच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय. सांगता?"

"खातेदार वारलेत."

"हो, दाखला आहे ना इथे. वाईट झालं." ती मुलगी खरंच हळहळली. "ओटीपी?"

विमा, गॅस, वाचनालय, सगळीकडे हेच. वीज कचेरीतल्या गृहस्थांनी तर मला बसवून पाणी दिलं, स्वतःच्या वडिलांच्या आठवणी सांगितल्या, डोळे पुसले आणि मग ओटीपी मागितला. नोंदणीकृत नंबर बदलता येईल का, असं विचारलं तर म्हणाले, का नाही, जुन्या नंबरवर एक ओटीपी येईल तेवढा सांगा. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे बघत राहिले. मागच्या माणसाने घसा खाकरला.

हे सगळं मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि चपला झिजवून निभावून नेलं असतं. पण एका दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसली.

"अरे, ह्यांच्या फोनमधले फोटो काढून दे ना मला."

बाबा पाणीखात्यात मीटर वाचायला जात. निवृत्तीनंतरही दिसेल त्या नळाचा, मीटरचा, गळक्या पाइपचा ते फोटो काढत. असे हजारो असतील.

"नळांचे फोटो काय करणारेस आई?"

"नळांचे तू ठेव. त्यात माझा एक आहे. त्यांनी माझा असा तो एकच काढलाय." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "परत कोण काढणार आता?"

हँडसेट मी स्वतःच्या हाताने कोरा केला होता. फोटो उरले असलेच तर इंटरनेटवरच्या खात्यात, आणि ते खातं उघडायला कोड कुठे जाणार? सत्तेचाळीसने संपणाऱ्या त्याच नंबरवर.

"देतो की," मी म्हणालो. "प्रोसेसमध्ये आहे." (कचेरीत ह्या एका वाक्यावर माझी बावीस वर्षं निघाली आहेत.)

त्या दिवसापासून मी रोज तो नंबर लावू लागलो. नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई रेकॉर्डवर सांगायची. आई चहा द्यायला आली की मी फोन पालथा घालायचो. ती काही विचारायची नाही आणि त्यामुळे मी आणखीच खचायचो. पाचव्या महिन्यात एके सकाळी मात्र चक्क रिंग गेली. क्षणभर वाटलं, बाबाच उचलतील.

"हॅलो, ड्रायव्हिंग स्कूल!" एक बाई ओरडल्या. "क्लच सोडा! हळू! तुम्ही नाही हो, बोला."

"तुमच्या मोबाइलवर आता एक कोड येईल," मी घाईघाईने म्हणालो, "तो मला सांगता का?"

"काका, मी रोज वीस जणांना शिकवते. तुम्हाला काय मी नवशिकी वाटले?"

"अहो, हा नंबर माझ्या वडिलांचा आहे!"

"मग त्यांना द्या फोन."

"ते वारले."

"मग कोड कुणाला हवाय? ब्रेक! ब्रेक दाबा!"

पलीकडे काहीतरी धडकलं आणि फोन बंद झाला. मी पुढे आठवडाभर फोन केले, बायकोच्या फोनवरून केले, कचेरीतून केले. एकदा ताईला करायला लावला. बाई प्रत्येक वेळी शांतपणे सांगायच्या, "कोड मिळणार नाही."

शेवटी मी हरलो. आईसमोर जाऊन बसलो आणि सगळं कबूल केलं. नंबर मीच बंद केला, फोन मीच पुसला, तुझा फोटो माझ्यामुळे गेला. बोलता बोलता मला रडू फुटलं. पाच महिन्यांचं एकदम आलं. पन्नाशीचा माणूस आईसमोर असा रडतोय हे बघायला बायको दारात येऊन उभी राहिली होती, पण मला थांबता येईना.

आईने मला रडू दिलं. मग स्वतःचा फोन उघडून माझ्या हातात दिला.

एक नळ होता. नळाच्या शेजारी हातात बादली घेऊन आई उभी होती, अर्धी फोटोबाहेर गेलेली, आणि ती खळखळून हसत होती. ती तशी हसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"हा कुठून आला?"

"नंबर बंद झाला हे मला पहिल्याच दिवशी कळलं. सवयीने रोज लावत होते ना मी. आधी ती रेकॉर्डवरची बाई बोलायची, मग गेल्या आठवड्यात ही ड्रायव्हिंग स्कूलची खरी बाई बोलायला लागली. चांगली आहे बिचारी. कोड तिने सांगितला, बाकीचं सूनबाईने केलं. विजेचं आणि गॅसचंही झालं."

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं की तू काहीतरी बंद करतोस," आई म्हणाली. "त्या ड्रायव्हिंगवाल्या बाईलाही मी बजावून ठेवलं होतं, माझा मुलगा कोड मागेल, अजिबात देऊ नकोस."

आईचं चुकलं असं मला म्हणता येईना. तोंड धुतलं, फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग वाटलं, निदान त्या बाईंचे आभार मानावेत. नंबर लावला. तुमच्यामुळे आईला तिचा फोटो मिळाला, तुमचे उपकार कसे फेडू, असं बरंच काही मी बोललो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"ठीक आहे काका," त्या म्हणाल्या. "पण कोड मिळणार नाही."