खिडकीजवळचं टेबल आणि दाढीवाला राजा

राज्य चालवणं मला फारच सोपं जातं! गैरसमज नको, मी संगणकावरच्या राज्याबद्दल बोलतोय. एक शहर वसवायचं, शेतं पिकवायची, घोडे पाळायचे, शेजारच्या राजांना पाणी पाजायचं आणि शेवटी जगाचा सम्राट व्हायचं, असा तो खेळ. एका दैनिकात मी मुद्रितं तपासतो, पाळी दुपारनंतर सुरू होते, त्यामुळे सकाळी मी सम्राट असतो. इतक्या वेळा झालो की मुकुटाचाही कंटाळा आला!

म्हणून मी स्वतःलाच नियम घालून घेतले. पहिला आमच्या धंद्यातला : छापलं ते छापलं. चाल चुकली तरी मागच्या टप्प्यावर परत जायचं नाही. दुसरा, शहर एकच. तिसरा, आपण होऊन कुणावर हल्ला करायचा नाही.

"थांब थांब," बायको म्हणाली. "सोपं आहे म्हणून तू मुद्दाम अवघड करतोयस?"

"हो."

"हे नियम कुणी केले?"

"मीच."

"आणि मोडलेस तर पकडणार कोण?"

"मीच!"

हातातली कात्री तशीच अधांतरी धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. ती कपडे शिवते. तिचं मशीन स्वयंपाकघरात, फ्रिजला खेटून. काळ्या कापडावर काळा दोरा घालते तोही ट्यूबलाइटखाली, चाचपडत. घरातलं एकमेव मोठं टेबल बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ. त्यावर माझा संगणक. आणि स्क्रीनवर ऊन येतं म्हणून त्या खिडकीचा पडदा मी ओढून घेतो.

"माझं काम आपोआपच अवघड आहे," ती म्हणाली, "आणि तुला अवघड शोधावं लागतंय! असं करू. एक नियम मी घालते, एक आत्या घालतील. तरीही जिंकलास तर टेबलाचं नाव काढणार नाही. हरलास तर टेबल माझं. खिडकीसकट!"

"मान्य!" मी म्हणालो. सम्राट विचार करत बसत नाहीत.

बायकोने नियम सांगितला : "सैनिकांना धड कपडे मिळाल्याशिवाय लढाईला पाठवायचं नाही."

खेळात तशी सोय असते. मेंढ्या पाळा, लोकर काढा, विणकरशाळा बांधा. फार कुणी त्या वाटेला जात नाही, कारण सैनिक तसेही निमूट लढतात.

आत्या माझी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे राहायला आलेली, नोकरीत असताना रुग्णालयाची मुख्य परिचारिका. तिने खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "आमच्या वॉर्डातून मी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. दारात आलेला जे मागेल ते द्यायचं."

"शत्रूनेही?"

"तापाने फणफणलेल्या माणसाला आम्ही विचारत नव्हतो, तू मित्र का शत्रू!"

झालं. पहिल्याच सकाळी शेजारचा दाढीवाला राजा हजर. घोडे हवेत म्हणाला.

"चांगल्या घरचा दिसतो," आत्या म्हणाली. "दे."

दिले. दुसऱ्या दिवशी त्याला लोखंड हवं होतं.

"कशाला हवंय रे याला?"

"तलवारींना, आत्या."

"नांगरालाही लागतं. संशयी स्वभाव बरा नव्हे. दे!"

तिसऱ्या दिवशी तो लोकर मागायला आला, तेव्हा माझा आवाज चढला. "आत्या, विणकरशाळा आत्ता कुठे उभी राहिलीय! लोकर गेली तर सैनिकांना कपडे कुठून आणू?"

"त्याला थंडी वाजत असेल. त्याच्याकडे बर्फ पडतोय बघ."

खरंच पडत होता. आत्या आता माझ्यापेक्षा जास्त बारकाईने स्क्रीन बघत होती. बायकोही शिवण मांडीवर घेऊन येऊन बसायला लागली होती. "याच्या अंगरख्याची बाही मात्र सुरेख बसलीय," ती म्हणाली. मी लोकर दिली.

पुढे त्याने सैन्य जायला माझ्या शहरातून रस्ता मागितला. तोही दिला. सैन्य आलं, चौकात तंबू ठोकले आणि जायचं नावच घेईना. माझ्याच घोड्यांवर, माझ्याच लोखंडाच्या तलवारी घेऊन, माझ्याच लोकरीत ऊबदार बसून होतं! मला आधी हल्ला करायची बंदी. मग त्यानेच केला.

"आता तरी मार की!" आत्या ओरडली. दाढीवाल्यावरची तिची माया एका क्षणात आटली होती.

"कसा मारू? माझे सैनिक बिनकपड्यांचे बराकीत बसलेत!"

शहर पडलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'मागे जा' हे बटण चमकत होतं. एक बोट लावलं की लोकर परत, शहर परत, टेबल परत!

आत्या हळूच म्हणाली, "दाब की. आम्ही तिकडे बघतो." आणि खरंच दोघींनी भिंतीकडे तोंडं केली. पण बायको कान टवकारून बसली होती. मी काय करतो याची तिला माझ्याइतकीच उत्सुकता होती.

मी हात मागे घेतला. "छापलं ते छापलं."

बायको वळली. टेबल मिळाल्याच्या आनंदापेक्षा तिच्या चेहऱ्यावर कौतुक जास्त होतं, आणि मला हरूनही जिंकल्यासारखं वाटलं. हे पाच सेकंद टिकलं. मग ती स्क्रीनजवळ वाकली. पराभवाच्या पाटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती.

"इथे लिहिलंय, 'पातळी : नवशिका'. याच्या खाली अजून किती पातळ्या असतात रे?"

"...एकही नाही."

"म्हणजे एवढे दिवस तू..."

लोकांच्या मजकुरातला एक चुकलेला अनुस्वार मी दुरून ओळखतो. पण खेळ पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पातळी विचारणारा चौकोन न वाचताच मी 'पुढे' दाबलं होतं!

"बाळा," आत्या म्हणाली, "तुला नियमांची गरजच नव्हती की!"

आता खिडकीचा पडदा दिवसभर उघडा असतो आणि काळ्यावर काळी शिलाई सरळ रेषेत धावते. मी फ्रिजला खेटून बसतो. कुणाला सांगू नका, पण इथे स्क्रीनवर अजिबात ऊन येत नाही.