दार क्रमांक चारची बदली

सहा मेला सकाळी दहा वाजता संज्योत धुळपने दार क्रमांक चारची तार जोडली आणि अकरा वाजता त्या दाराची बदली झाली.

बदलीत नवल काही नव्हतं. सरकारी दारांच्या विनंती बदल्या दर तीन वर्षांनी होतात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यादी लागते, आणि म्हणून सरकारी इमारतीत शहाणा माणूस मेचा पहिला पंधरवडा सरेपर्यंत दाराला हात लावत नाही. संज्योतला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने आजवर पतपेढ्या, दवाखाने, एक काजूचा कारखाना अशीच कामं केलेली. खासगी दारं जिथे बसतात तिथेच म्हातारी होतात. वेळशेतच्या मोजणी कार्यालयात यादी फळ्यावर चांगली आठवडाभर लागलेली होती, त्याच फळ्याशेजारी स्टुलावर उभं राहून बाईंनी भिंतीला भोकं पाडली, पण यादी काही वाचली नाही.

हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं. आठ वर्षं ती बहिणीच्या नवऱ्याच्या, अच्युतभाऊजींच्या दुकानात होती. तारा हिने ओढायच्या आणि साहेबांशी हस्तांदोलन भाऊजींनी करायचं, अशी वाटणी. जानेवारीत ती बाहेर पडली तेव्हा भाऊजी रागावले वगैरे नाहीत. "खुर्ची ठेवतो तुझी. एकतीस मेला न्यायला येईन," एवढंच म्हणाले. तारीख त्यांनी उगाच काढली नव्हती. नव्या ठेकेदाराने एकतीस मेपर्यंत एक तरी काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला नाही, तर त्याची नोंदणी रद्द होते. मग ती खुर्ची आणि तीच वाटणी जन्मभर.

काम तसं सरळ होतं. सात दारं. प्रत्येक चौकटीवर कार्ड दाखवायचा डबा, दाराच्या अंगात विजेचं कुलूप, बिजागरीपासून निघालेली तार भिंतीभिंतीने मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. कार्ड दाखवलं की कपाट नाव तपासणार आणि कुलूप सोडणार. सहा दारं झाली होती. चौथं म्हणजे अभिलेख कक्षाचं, सागवानी, एकोणतीस वर्षं सेवा. पावसाळ्यात अंगाला सूज येते म्हणून त्याने घाटावरच्या कोरड्या हवेची विनंती बदली मागितली होती, आणि अर्जाला सुताराचा दाखला जोडला होता.

कार्यालय अधीक्षक बेंडल भाऊसाहेबांनी बदलीचा कागद तिच्यापुढे ठेवला. माळकुंडी, अंतर त्रेचाळीस किलोमीटर. संज्योतने विचारलं, निदान कुलूप तरी काढून घेऊ का? भाऊसाहेबांनी मान हलवली. दार आहे त्या स्थितीत जातं. कडी, कोयंडा, रंग, कुलूप, जे अंगावर असेल ते दाराचं. चौकट मात्र स्थानिक आस्थापनेवर, तिची बदली होत नाही. मग बदली दार कधी येईल? वर्षअखेरपर्यंत पद रिक्त. सहा दारांवर दाखला मिळेल? निविदेत सात आहेत.

तिने निविदेचा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"भाऊसाहेब, यात म्हटलंय की सातही दारं तारेने या कपाटाला जोडलेली असावीत. दारं कुठे असावीत ते लिहिलेलं नाही."

बेंडलांनी चष्मा पुसून स्वतः वाचलं. "नाही लिहिलेलं," ते म्हणाले.

"मग मी तार वाढवते."

"वाढवा की. पण ताई, तार तुटता नये हां. दार एकदा जोडलेलं ते जोडलेलं. मध्ये सुटलं तर ते काम नवं धरतात, आणि नव्या कामाला नवी निविदा."

दुपारी निरोप समारंभ झाला. दाराला शाल घातली, वरच्या कडीत हार अडकवला, नारळ खाली ठेवला. भाऊसाहेब चार शब्द बोलले. एकोणतीस वर्षांत हे दार कधी करकरलं नाही, कुणाची बोटं त्यात चेमटली नाहीत, आणि आतलं बाहेर सांगायची सवय त्याला नव्हती, असं म्हणून त्यांनी दाराला नमस्कार केला. मग दार टेम्पोत चढलं. तार त्याच्या बिजागरीतून निघून कार्यालयाच्या खिडकीत शिरलेली होती.

नियमाप्रमाणे दाराला नव्या जागी पोचायला सात दिवस मिळतात. शिवाय त्याची अठरा दिवसांची रजा साठलेली होती. एकोणतीस वर्षांत ते कुठे गेलेलंच नव्हतं. भाऊसाहेबांनी दोन्ही जोडून दिले, आणि सात मेपासून एकतीस मेपर्यंत पंचवीस दिवस हातात आले. पण तारेचं एक दुखणं असतं. शंभर मीटरच्या पुढे तिच्यातून निरोप जात नाही, मध्ये एक पेटी बसवून त्याला पुन्हा दम द्यावा लागतो. संज्योत नव्वद मीटरवर पेटी धरायची. तिने आकडेमोड केली. चारशे सत्त्याहत्तर पेट्या. तिने कमरेला ओढणी बांधली आणि पहिली पेटी पोस्टाच्या वळचणीला ठोकली.

रोज पावणेदोन किलोमीटर. पहाटे दार टेम्पोतून पुढे निघायचं, मागून ती तार खांबाला, झाडाला, कुंपणाला बांधत यायची. घरं असतील तिथे लोक पेटी आपल्या ओसरीवर बसवू द्यायचे आणि विजेचं बटणही द्यायचे. सरकारी दार बदलीवर चाललंय म्हटल्यावर कुणी कारण विचारत नसे. काहीजण दाराला सावलीत घ्यायचे. एका वाडीत तर एका गृहस्थाने आपल्या न्हाणीच्या दाराला आणून त्याच्यासमोर उभं केलं आणि जरा ओळख असू द्या म्हणाले.

घाटाच्या पायथ्याशी सोनूबाई झोऱ्यांचं घर होतं. सत्तरीच्या बाई, एकट्या, चार म्हशी. घराला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. पेटी बसवेपर्यंत दार त्यांच्या उंबऱ्याला टेकवून ठेवलं. सोनूबाई आत गेल्या आणि आतून दार ओढून घेतलं. संज्योतची पेटी बसवून झाली, चहाचं आधण बाहेरच्या चुलीवर आटून गेलं, तरी दार उघडेना. तासाभराने बाई बाहेर आल्या. डोळे पुसलेले दिसत होते.

"लगीन झाल्यापासनं कंदी दार लावून बसले नव्हते गो," त्या म्हणाल्या. "हितंच ऱ्हाऊ दे की याला."

संज्योतला फार वाईट वाटलं. दार राहिलं असतं तर त्यालाही बरं वाटलं असतं, असंही तिच्या मनात आलं. पण दार नोकरीत होतं आणि तिची तारीख ठरलेली होती. सेवानिवृत्तीला त्याची दोन वर्षं उरलीत, तेव्हा त्याचा स्वतःचा अर्ज तुमच्याकडे यावा म्हणून मी सांगून ठेवते, असं तिने कबूल केलं. सोनूबाईंनी निवृत्तीची तारीख विचारून घेतली आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली.

घाटातल्या अकराव्या वळणावर खोळंबा झाला. तपासणीच्या यंत्रावर आठ दिवे लागायला हवेत, तारेच्या आतल्या प्रत्येक धाग्याचा एक. सातवा लागेना. तार तुटलेली नव्हती, नाहीतर आठही गेले असते. कुठेतरी एक धागा नीट बसला नव्हता, आणि मागे तीनशे बारा पेट्या होत्या. टेम्पोवाल्याने सात दिव्यांवर भागवता येईल का विचारलं. भाऊजींच्या दुकानात भागवलं असतं, आणि दाखला मिळाल्यावर महिन्याभरात तक्रार आली असती. संज्योतने दार वळणावरच्या मारुतीपाशी ठेवलं, टेम्पोवाल्याला तिथे बसवलं आणि एकटी उलट उतरायला लागली. प्रत्येक पेटी उघडायची, यंत्र लावायचं, बंद करायची. मेचं ऊन. दोन दिवस गेले. एकशे अठराव्या पेटीत, एका भातगिरणीच्या मागे, तो धागा सापडला. जोड तिनेच दिलेला होता, त्या दिवशी जेवणाच्या घाईत. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, जोड कापून नवा दिला आणि पुन्हा घाट चढली. गेलेले दोन दिवस तिने पुढच्या सहा दिवसांतून काढले. हाताची दोन नखं त्यात गेली.

तीस मेला दुपारी चार वाजता दार माळकुंडीत रुजू झालं. तिथल्या भांडार खोलीची चौकट त्याला दोन बोटं आखूड पडत होती, तरी पहिल्याच दिवशी तक्रार नको म्हणून ते थोडं तिरकं बसलं. तिथले भांडारपाल पोवार यांनी दारावरून हात फिरवला.

"चांगलं हाय दार," ते म्हणाले. "पन उघडायचं कुणी? कार्ड कुठं दावायचं आमी?"

"कार्ड वेळशेतला दाखवायचं," संज्योत म्हणाली. "डबा चौकटीवर असतो, आणि चौकट तिकडेच आहे."

पोवारांनी विचार केला. भांडारात दिवसातून दोनदाच जावं लागतं, तेवढा फोन करता येईल, असं त्यांनी ठरवलं आणि रुजू अहवालावर सही केली.

एकतीस मेला सकाळी पहिल्या एसटीने संज्योत वेळशेतला आली. अभिलेख कक्षाची चौकट रिकामी होती. पंचवीस दिवस तिच्यातून वारा, मांजर आणि दोन चिमण्या येत-जात होत्या, कर्मचारी मात्र कुणी आत गेलेलं नव्हतं. तिने पोवारांना फोन लावला आणि बेंडल भाऊसाहेबांना खूण केली. भाऊसाहेबांनी शर्टाची गुंडी लावली आणि कार्ड डब्यापुढे धरलं. कपाटात बारीकसा आवाज झाला. मग काहीच नाही. संज्योत मनात पेट्या मोजत होती. पोस्ट, भातगिरणी, सोनूबाईंचा गोठा, अकरावं वळण.

हिरवा दिवा लागला.

"उघडलं," फोनवर पोवार म्हणाले.

भाऊसाहेबांनी चपला काढल्या आणि पंचवीस दिवसांनी अभिलेख कक्षात पाऊल टाकलं. मागोमाग तिला बोलावून घेतलं, आतल्या टेबलावर दाखला ठेवला, सातही दारं तारेने जोडलेली असल्याचं लिहिलं, सही केली आणि शिक्का दोनदा मारला, कारण पहिला पुसट आला. संज्योतने तो कागद हातात घेतला. मग तो टेबलावर ठेवून तिने पुन्हा एकदा वाचला.

तेवढ्यात अच्युतभाऊजी आले. सांगितल्याप्रमाणे एकतीस मे, स्कूटर बाहेर लावून. ते थेट चौकटीपर्यंत आले आणि थबकले. समोर संज्योत दिसत होती, टेबल दिसत होतं, वर फिरणारा पंखासुद्धा दिसत होता. मध्ये काही नव्हतं. त्यांनी एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला. आठ वर्षांत संज्योतने त्यांना कुठल्या दारापाशी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"येऊ का?" भाऊजींनी विचारलं.

"कार्ड लागतं, भाऊजी."

"माझ्याकडे कुठलं असायला."

संज्योत उठली. दाखल्याची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली, मग बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि आपलं चाचणीचं कार्ड डब्यापुढे धरलं. दोघंही दिव्याकडे बघत थांबले. भाऊजींनी हळूच विचारलं, किती वेळ लागतो? ती म्हणाली, त्रेचाळीस किलोमीटर.

हिरवा दिवा लागला. अच्युतभाऊजींनी चपला काढल्या, मान थोडी वाकवली आणि आत आले. खुर्चीचा विषय त्यांनी काढला नाही.

फोन अजून चालूच होता.

"लावून घेऊ का?" पोवारांनी विचारलं.

"घ्या," संज्योत म्हणाली. "आले ते आत."